बाळा, मला वाचून दाखव

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण)





समितीने आम्हाला विषय दिला, 'लहान मुलांचे वाचन आणि घरच्यांची जबाबदारी'. विषय ऐकून आम्ही पहिल्यांदा नाहीच म्हणालो. एक तर आम्ही आठवीतून शाळा सुटलेला गिरणी कामगार. इथे शिक्षक बसले आहेत, पदवीधर पोरे-पोरी बसल्या आहेत, त्यांना आम्ही काय सांगणार? पण खरे कारण दुसरेच होते. ते कारणच आधी सांगतो. आताच आपण सर्वांनी पंचशील घेतले आहे, तेव्हा निदान या जागेवर उभे राहून चौथे शील मोडायला नको.

मागच्या वर्षीच्या वर्षावासातली गोष्ट आहे. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारात रोज संध्याकाळी वंदनेनंतर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्या दिवशी नेहमीच्या वाचकांचा घसा बसला होता. कोणीतरी म्हणाले, आज एखाद्या मुलाला वाचू द्या. पुढे तिसरीतला एक मुलगा बसला होता, त्याच्या हातात ग्रंथ दिला. सिद्धार्थाच्या परिव्रज्येचा भाग चालू होता. मुलगा उभा राहिला. पहिली ओळ त्याने अक्षराला अक्षर लावत कशीबशी ओढली. मग 'परिव्रज्या' हा शब्द आला आणि गाडी थांबली. 'परि... परिव...' पुढे काही येईना. मागची दोन पोरे हसली. मग मोठी माणसेही हसली. वाईट मनाने नव्हे, पण हसली. मुलाने ग्रंथ चौरंगावर ठेवला आणि चपला न घालताच तो घरी पळाला.

बंधू-भगिनींनो, तो मुलगा आमचा नातू.

ज्या माणसाने 30 वर्षे जयंतीच्या मंडपात 'शिका' या शब्दावर भाषणे ठोकली, ज्याच्या घरी येणारा-जाणारा म्हणतो 'काय पुस्तकं जमवलीत हो', त्याच्या घरातल्या तिसरीच्या मुलाला एक ओळ धड वाचता येत नव्हती. आणि त्या माणसाला ते माहीतही नव्हते! का माहीत नव्हते? कारण आम्ही त्याची वही बघत होतो. वही स्वच्छ, अक्षर सुंदर, फळ्यावरचे सगळे जसेच्या तसे उतरवलेले. गुणपत्रिकेवर श्रेणीही बरी. आम्ही पाठ थोपटायचो. पाहून लिहिणे म्हणजे वाचणे नव्हे, एवढी साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. 'पुस्तक घे आणि मला एक पान वाचून दाखव', असे आम्ही तीन वर्षांत एकदाही म्हटले नव्हते.

आपल्यापैकी किती जणांनी म्हटले आहे? हात वर करू नका. ज्याने त्याने मनात उत्तर द्यावे.

हे एकट्या आमच्या घरातले दुखणे नाही. 'असर' नावाची पाहणी 2005 पासून देशभरातल्या खेड्यांत होते. घरोघरी जाऊन मुलांना एक साधा उतारा वाचायला देतात. 2024 च्या पाहणीत तिसरीतल्या साधारण चार मुलांपैकी एकालाच दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता आला, आणि पाचवीतल्या निम्म्या मुलांनाही तो वाचता आला नाही. ही खेड्यांतली पाहणी आहे, पण आपण शहरात राहतो म्हणून आपली मुले तरली असे कोणी समजू नये. तिसरी-चौथीपर्यंत मूल वाचायला शिकते. त्याच्या पुढे सगळे विषय वाचूनच शिकायचे असतात. गणितातले शाब्दिक उदाहरण वाचता आले नाही तर बेरीज येऊनही उपयोग नाही. मग सातवी-आठवीत आपण म्हणतो, पोराचे डोके चालत नाही. डोके चालते. वाचनच मागे राहिले, ते आपण पाहिले नाही.

आता शाळेला दोष देणे सोपे आहे. शाळेकडून आपला हक्क मागायचा तो मागूच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असले पाहिजे असे सांगितले आहे. आपल्या मुलाच्या शाळेत ते आहे का, आणि असले तर कपाट उघडते का, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण एका वर्गात चाळीस-पन्नास मुले असली तर एकेका मुलाच्या वाट्याला मोठ्याने वाचायला दिवसाला किती वेळ येणार? तो वेळ घरातच मिळू शकतो. आणि घरात तो द्यायला डिग्री लागत नाही.

डिग्री लागत नाही, हे आम्ही कसे शिकलो ते ऐका.

नातवाची फजिती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही कार्यक्रम आखला. कार्यकर्ता माणूस, कार्यक्रमाशिवाय आम्हाला काही सुचत नाही. संध्याकाळी सात ते आठ वाचन. पुस्तक कोणते? तर तोच ग्रंथ! पोर वाचायला लागले की आम्ही टोकायला लागायचो. 'ती वेलांटी दिसत नाही का?' 'परत वाच.' 'कालच सांगितलं होतं ना?' आमचा आवाज चढायचा, त्याचा उतरायचा. चौथ्या दिवशी त्याच्या पोटात दुखू लागले. पाचव्या दिवशी तो रडला आणि म्हणाला, 'आजोबा, मी विहारात येणार नाय आणि मी वाचणार पण नाय.'

आम्ही थ्रोसल खात्यात काम केलेला माणूस. चात्या फिरत असताना धागा तुटतो, एका पाळीत कितीतरी वेळा तुटतो. म्हणून कोणी अख्खी फ्रेम बंद करत नाही. चालत्या चातीवर बोटाने सांधा द्यायचा आणि पुढे सरकायचे, सूत निघत राहिले पाहिजे. नवीन आलेल्या बदली पोरांना हे आम्हीच शिकवायचो. आणि घरी नातवासमोर बसलो तेव्हा एकेका तुटलेल्या धाग्यासाठी सगळी गिरणी बंद पाडत होतो.

त्या पाचव्या दिवशी आमच्या मंडळी चुलीपासून, म्हणजे गॅसपासून, उठून आल्या. त्यांची शाळा गावाकडे दुसरीपर्यंत झाली. नाव लिहितात, बसचा नंबर ओळखतात, त्यापुढे अक्षरांशी त्यांचे फारसे जमले नाही. त्या म्हणाल्या, 'तुमचं भाषण झालं असंल तर पोराला हिकडं माझ्याजवळ बसू द्या.' त्यांनी आमच्या हातातला मोठा ग्रंथ काढून घेतला, कपाळाला लावला आणि परत फळीवर ठेवला. एका 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवरून आणलेले जातककथांचे पातळसे पुस्तक होते, मोठ्या अक्षरांचे, चित्रांचे. ते नातवाच्या हातात दिले, आणि लसूण सोलायला घेऊन म्हणाल्या, 'बाळा, मला वाचून दाखव. मला काय येत न्हाई.'

नातू वाचू लागला. लावा पक्ष्यांची गोष्ट होती. एक पारधी रोज लाव्यांच्या थव्यावर जाळे टाकतो. थव्याचा प्रमुख सांगतो, प्रत्येकाने जाळ्याच्या एकेका भोकात डोके घालायचे आणि सर्वांनी एकदम उडायचे. थवा जाळे घेऊन उडतो, ते काट्याच्या झुडपावर टाकतो आणि खालून निसटतो. असे बरेच दिवस चालते. मग एके दिवशी एका लाव्याचा पाय चुकून दुसऱ्याच्या डोक्याला लागतो. भांडण होते. 'तूच उचल जाळे', 'तू उचल'. तेवढ्यात पारधी येतो आणि सगळे सापडतात.

नातू मध्येच थांबला. 'आजी, लावा म्हणजे काय?' आमच्या डोक्यात शब्दकोश आला, पण आजीच बोलल्या, 'अरं, तितरावानी बारकं पाखरू असतंय. आमच्या रानात लय व्हती. जवळ गेलं की भुर्रकन उडायची.' मुलाने चित्राकडे पाहिले आणि पुढे वाचू लागला. कुठे अडला तर त्या गप्प बसायच्या, सोलता सोलता विचारायच्या, 'बरं, मग पुढं काय झालं?' गोष्ट संपली तशा त्या म्हणाल्या, 'हे तर आपल्या युनियनवानीच झालं की!' आम्ही तिकडे तोंड करून बसलो होतो, पण हसू आवरले नाही.

त्या रात्री आम्हाला आमचे वडील आठवले. वडीलही गिरणीतच, साचेखात्यात. अक्षर ओळख नाही, पगाराच्या कागदावर अंगठा. आम्ही चौथीत असताना ते पाळीवरून आले की चाळीच्या गॅलरीत बसायचे आणि म्हणायचे, 'पेपर वाच.' शेजारच्या खोल्यांतली माणसे येऊन बसायची. आम्ही दिव्याखाली उभे राहून मोठ्याने वाचायचो. कळत काहीच नव्हते. 'अधिवेशन', 'मंत्रिमंडळ', 'लवाद', असले शब्द आम्ही कसेही वाचायचो. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा आम्ही तेरा-चौदा वर्षांचे होतो. संपाच्या बातम्या चाळीला आम्हीच वाचून दाखवल्या. त्या संपातच घरची चूल बंद पडायची वेळ आली आणि आमची शाळा सुटली. पण वाचन सुटले नाही. 1988 ला बदली म्हणून लागलो, 2003 ला गिरणी बंद झाली, पुढे वॉचमनच्या खुर्चीवर रात्री काढल्या, प्रत्येक ठिकाणी पुस्तक बरोबर राहिले. त्याचे श्रेय आम्ही आजवर स्वतःच्या जिद्दीला देत आलो.

आता कळते की श्रेय वडिलांचे आहे. त्यांना अक्षर येत नव्हते, म्हणून आमच्या चुका त्यांना कळत नव्हत्या. म्हणून ते कधी टोकत नव्हते. फक्त ऐकत होते, आणि मन लावून ऐकत होते. चौथीतल्या पोराचे आपण काही वाचावे आणि दहा मोठ्या माणसांनी मान डोलवावी, याने पोराची छाती केवढी होत असेल? आम्ही न भिता वाचत राहिलो म्हणून वाचायला शिकलो.

माता-भगिनींनो, 'आम्ही अडाणी, आम्ही पोरांना काय शिकवणार' हे वाक्य आजपासून आपल्या वस्तीतून हद्दपार करा. ज्याला वाचता येते तो शिकवू शकेल. ज्याला वाचता येत नाही तो ऐकू शकेल. आणि लहान मुलाला आधी ऐकणारा लागतो.

ही आमच्या पदरची गोष्ट नाही. हा आपला वारसाच आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी 1956 साली एक प्रस्तावना लिहिली होती. 1957 च्या पहिल्या आवृत्तीत ती छापली गेली नव्हती. तिच्यात त्यांनी आपल्या लहानपणाबद्दल सांगितले आहे. सुभेदार रामजी घरात मुलांना रोज ग्रंथ वाचायला लावत. बाबासाहेब आणि त्यांचे भाऊ वाचायचे, आणि बहिणी व घरी जमलेली माणसे ऐकायची. हे बरीच वर्षे चालले. ते ग्रंथ रामायण-महाभारत होते, आणि पुढे बाबासाहेबांनी वडिलांना त्यावर खडे प्रश्नही विचारले. घरात रोज वाचणारे पोर पुढे बापालाही प्रश्न विचारते, आणि तसेच व्हायला पाहिजे. केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना विद्यार्थिदशेत भेट दिले. ते पुस्तक समजून घेण्याइतके वाचन त्या मुलाचे घरातच झाले होते. एका भेट दिलेल्या पुस्तकापासून 14 ऑक्टोबर 1956 च्या दीक्षाभूमीपर्यंतची वाट कशी गेली ते आपण जाणता.

सुभेदारांची परळच्या चाळीतली खोली आपल्या खोल्यांपेक्षा मोठी नव्हती. मुलाला शांतता मिळावी म्हणून त्याला लवकर झोपवायचे, आपण रात्री दोनपर्यंत जागायचे आणि मग त्याला अभ्यासाला उठवायचे. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या लेकींकडून दागिना उसना आणून गहाण टाकायचा. आपण जयंतीला बाबासाहेबांचा फोटो लावतो. फोटोच्या मागे उभा असलेला बापही दिसला पाहिजे.

जोतिबांनी सावित्रीबाईंना घरातच लिहा-वाचायला शिकवले आणि 1848 ला पुण्यात मुलींची शाळा निघाली. त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीने 1855 साली लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आणि फलटणच्या बेबीताई कांबळे घ्या. 'जिणं आमुचं' लिहिणाऱ्या. किराणा दुकान चालवताना पुड्या बांधायला जी रद्दी यायची, ती त्या वाचत राहिल्या. घरच्यांपासून लपवून वाचले, लपवून लिहिले, आणि 1986 ला त्यांचे पुस्तक आले. त्यांना लपून वाचावे लागले. आपल्या लेकी-सुनांना घरात उजळ माथ्याने, मोठ्याने वाचता आले पाहिजे.

आणि तथागतांचे काय? राहुल लहान होता. परंपरा सांगते, सात वर्षांचा. खोटे बोलू नये हे त्याला शिकवायचे होते. भगवंतांनी पाय धुण्याच्या भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले आणि विचारले, राहुला, हे थोडेसे पाणी दिसते का? ज्याला खोटे बोलण्याची लाज वाटत नाही, त्याचे श्रमणपण एवढेच थोडे. मग ते पाणी फेकले, मग भांडे पालथे केले, आणि प्रत्येक वेळी त्याला विचारले. मज्झिम निकायात हा राहुलोवाद आहे, आणि सम्राट अशोकांनी आपल्या भाब्रू शिलालेखात भिक्षू-भिक्षुणींनी व उपासक-उपासिकांनी ऐकाव्यात अशा उपदेशांची जी नावे दिली, त्यात तो आहे. बघा, घरातले भांडे, थोडे पाणी, समोर बसलेले मूल आणि एक प्रश्न. यापेक्षा मोठे साधन लागले नाही.

आता काय करायचे, ते सरळ सांगतो. वर्षभर घरात करून पाहिलेलेच सांगतो.

पहिली गोष्ट, वेळ. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरे. पण रोज. जेवणाआधी किंवा झोपताना, घराला जमेल ती वेळ एकदा ठरवा. त्या वेळात टीव्ही बंद आणि मोठ्यांचे मोबाइल फळीवर. मुलांचा मोबाइल काढून घ्यायचा आणि बापाने खाटेवर पडून बोट फिरवत बसायचे, हे चालणार नाही. मूल आपले ऐकत नाही, ते आपल्याला बघते. आणि हे काम आईच्याच गळ्यात टाकू नका. आई दहा घरची धुणी-भांडी करून आलेली असते. आठवड्यातले निदान तीन दिवस बापाने बसावे.

दुसरी गोष्ट, पुस्तक. मुलाच्या वयाचे घ्या. मोठी अक्षरे, थोडा मजकूर, चित्रे. आम्ही तिसरीच्या पोराच्या हातात मोठा ग्रंथ दिला ती चूक तुम्ही करू नका. जातककथा आहेत, नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची स्वस्त पुस्तके आहेत, बालभारतीचे 'किशोर' मासिक 1971 पासून निघते. तेच पुस्तक मुलाने दहा वेळा वाचले तरी वाचू द्या. पाठ झाले तरी वाईट नाही, त्यातूनच डोळ्यांना शब्द ओळखीचे होतात. आणि पुस्तक नसेल त्या दिवशी विजेचे बिल, रेशनकार्ड, लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, बसचा फलक वाचू द्या. मुंबईत येऊन रस्त्यावरच्या पाट्या वाचत अण्णा भाऊ साठे अक्षर शिकले, आणि 'फकिरा' लिहून गेले.

तिसरी गोष्ट, टोकू नका. मूल अडले तर मनात पाच आकडे मोजा. स्वतःहून आले तर उत्तम. नाही आले तर शब्द हळूच सांगा आणि पुढे जाऊ द्या. जोडाक्षर अवघड गेले तर शब्द तोडून दाखवा. चालत्या चातीवर सांधा, हे लक्षात ठेवा.

चौथी गोष्ट, वाचून झाल्यावर परीक्षा घेऊ नका, गप्पा मारा. 'तुला कोण आवडला?' 'तू असतास तर काय केलं असतंस?' आणि अधूनमधून मोठ्यांनीही वाचून दाखवावे. पहिली-दुसरीच्या मुलाला तर आधी मोठ्यांनीच वाचून दाखवावे, ओळीखाली बोट फिरवत.

पाचवी गोष्ट जरा नाजूक आहे. काही मुले कितीही प्रयत्न केला तरी अक्षरे उलटसुलट वाचतात, ओळ चुकतात. त्यांना मठ्ठ म्हणू नका, मारू नका. आधी डोळे तपासून घ्या. मग शिक्षकांशी बोला. वाचन-अक्षमता नावाचा प्रकार असतो, त्याचा बुद्धीशी संबंध नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयांत त्याची तपासणी होते, आणि अशा मुलांना परीक्षेत सवलतीही मिळतात. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.

आता इंग्रजी माध्यमाचा प्रश्न. आज आपली निम्मी-अधिक मुले इंग्रजी शाळेत जातात. पोटाला चिमटा काढून आपण फी भरतो, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण घरी काय होते? पुस्तक इंग्रजीत, आईला ते वाचता येत नाही, म्हणून आई बाजूला. आणि मराठी मुलाला वाचता येत नाही, म्हणून आजी बाजूला. उद्या या मुलांना बाबासाहेबांचा ग्रंथ आपल्या भाषेत वाचता येणार नाही. काही भिक्षूंनी बुद्धवचन छंदबद्ध वैदिक भाषेत घालण्याची परवानगी मागितली तेव्हा तथागतांनी ती नाकारली आणि ज्याने त्याने आपापल्या भाषेत धम्म शिकावा असे सांगितले. तेव्हा इंग्रजी शाळेतल्या मुलाला घरी म्हणा, 'तुझ्या इंग्रजी पुस्तकातली गोष्ट वाच आणि मला मराठीत सांग.' त्याचे इंग्रजीही पक्के होईल, मराठीही राहील आणि आई पुन्हा त्याच्या अभ्यासात येईल. आणि रोज एक पान मराठी, हा नियम ठेवा.

शेवटी विहारासाठी काही सूचना. 6 डिसेंबरला आपण पिशव्या भरभरून पुस्तके आणतो. पुढे ती कुठे जातात? शोकेसच्या काचेमागे, आणि किल्ली मोठ्यांकडे. आमच्या घरीही तेच होते. विहाराच्या कपाटाचेही तेच आहे. समितीला आमची हात जोडून विनंती आहे, मुलांची पुस्तके कपाटातून काढून खालच्या फळीवर, मुलांच्या हाताला येतील अशी ठेवा. फाटली तर फाटली. वाचून फाटलेल्या पुस्तकाचे दुःख करू नये. रविवारी वंदनेनंतर अर्धा तास आठवी-नववीच्या मुलांनी एकेका लहान मुलाला जवळ घेऊन वाचावे. नामकरण असो की वाढदिवस, पाकिटाबरोबर एक पुस्तक द्यावे. वर्षावासात रोज एक परिच्छेद मुलाने किंवा मुलीने वाचावा, पण तो आदल्या दिवशी घरी न्यायला द्यावा, म्हणजे घरच्यांसमोर सराव होईल. आणि एक ठराव आजच करू या, की या विहारात वाचणाऱ्या मुलाला कोणी हसणार नाही. यात गट-तट नको. निवडणुकीत काय भांडायचे ते भांडू, पण पोरांच्या वाचनावर सगळ्यांनी मिळून जाळे उचलू या.

एक राहिले. नातवाचे पुढे काय झाले?

तो काही पंडित झालेला नाही. आता चौथीत आहे. अजून अडतो. या वर्षीच्या वर्षावासात त्याने स्वतः होऊन मागणी केली, तोच भाग मला द्या. आदल्या रात्री आजीला तीनदा वाचून दाखवला. विहारात उभा राहिला. 'परिव्रज्या' शब्द आला. थांबला. आम्ही खाली बघत होतो. बायकांच्या रांगेतून आवाज आला, 'वाच, बाळा.' त्याने तोडून वाचले, 'परि-व्र-ज्या', आणि मग जोडून वाचले. अर्धे पान झाले. कोणी हसले नाही.

घरी जाताना त्याने विचारले, 'आजोबा, परिव्रज्या म्हणजे घर सोडून जाणं ना? मग घरी बाळ असताना सिद्धार्थ का गेला?'

बंधू-भगिनींनो, हाच प्रश्न बाबासाहेबांनी त्या ग्रंथाच्या आरंभी सर्वात आधी उपस्थित केला आहे. म्हातारा, आजारी, प्रेत यांची जुनी कथा त्यांना पटली नाही, आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात झालेल्या तंट्याचे कारण त्यांनी पुढे मांडले. अडखळत वाचणारे चौथीचे पोर त्या प्रश्नापर्यंत आपल्या पायांनी चालत आले. आम्ही उत्तर तोंडावर असून दिले नाही. म्हणालो, 'उद्या पुढचं पान वाचून दाखव, दोघं मिळून शोधू.'

तेव्हा आज घरी गेल्यावर मुलाला 'अभ्यास कर' म्हणू नका. त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा, 'बाळा, मला वाचून दाखव.'



भवतु सब्ब मंगलं! जय भीम! जय भारत!